पोचपावती

नागपूरच्या सदर भागात मंगळवारी नावाचा एक बाजार आहे. त्या बाजारातील संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. भाजीच्या ढिगांभोवती गिऱ्हाइकांची दाटी झाली आहे. विक्रेत्यांच्या आरोळ्या आणि रस्त्यावरील वाहनांचे भोंगे यांमुळे शेजारच्या माणसाचे बोलणेही नीट ऐकू येत नाही. जवळच शासकीय तंत्रनिकेतन आहे. १९१४ साली सुरू झालेली ही जुनी संस्था. तेथे संगणकाचे शिक्षण घेणारा एक तरुण भाजीवाल्या मावशींपुढे उभा आहे. त्याने अर्धा किलो वांगी आणि सांभाराची एक जुडी घेतली आहे. पुण्या-मुंबईची मुले जिला कोथिंबीर म्हणतात, तिलाच नागपूरकडे सांभार म्हणतात. हिशेब ४० रुपयांचा झाला.

तरुणाने मोबाइल काढला. मावशींनी टांगून ठेवलेल्या पुठ्ठ्यावरील काळ्यापांढऱ्या चौकोनासमोर तो धरला, रक्कम लिहिली आणि आपला गुप्त अंक दाबला. पडद्यावर एक लहानसे चक्र फिरू लागले. ते काही थांबेना. पैसे आले म्हणजे बोलणारी एक डबी मावशींच्या शेजारी होती; तीही मुकीच राहिली.

"बाबू, आवाज नाही आला अजून," मावशी म्हणाल्या.

"मावशी, माझ्या खात्यातून तर पैसे गेले. हा बँकेचा संदेश पाहा."

"तुझ्याकडून गेले असतील रे; पण माझ्याकडे पोचले कुठे?"

दोघेही खरे बोलत होते. दोघांमध्ये अंतर होते हातभर. आणि तरीही ते ४० रुपये त्या क्षणी कोठे आहेत, हे दोघांपैकी कोणालाच सांगता येत नव्हते. निरोप पाठविणे ही एक गोष्ट आणि तो पोचला हे कळणे ही अगदी निराळी गोष्ट होय. पहिलीपेक्षा दुसरी अधिक अवघड आहे. मोबाइलसाठी अ‍ॅप तयार करणाऱ्यांचा बराचसा वेळ या दुसऱ्या गोष्टीतच खर्च होतो.

ही अडचण नवी नाही. आपल्या भाषेत 'पावणे' म्हणजे पोचणे, मिळणे. 'पावती' हा शब्द त्यावरूनच आला. मराठ्यांच्या काळातील पत्रे वाचली, तर त्यांत आरंभीच 'आपण पत्र पाठविले ते पावले' अशा अर्थाचा मजकूर वारंवार आढळतो. तो केवळ शिष्टाचार नव्हता. नागपुरहून पुण्यास निघालेला जासूद वाटेत आजारी पडे, नदीला पूर आला तर अडून राही, कधी शत्रूच्या हाती सापडे. म्हणून महत्त्वाचे पत्र एकट्याबरोबर न देता जासुदांच्या जोडीबरोबर पाठविण्याची रीत होती. उत्तरात 'पत्र पावले' हे शब्द दिसले, म्हणजे पाठविणाऱ्याचा जीव खाली पडे. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी इंग्रजांच्या कंपनीचा रेसिडेंट राहत असे. सदरमधील रेसिडेन्सी रोडच्या नावात त्याची आठवण अजून शिल्लक आहे. त्यालाही कलकत्त्याच्या उत्तराची वाट पाहत दिवसच्या दिवस काढावे लागत. पुढे टपालखाते आले. रजिस्टर केलेल्या पत्राबरोबर एक कार्ड जाई आणि त्यावर घेणाऱ्याची सही होऊन ते परत येई. लोक त्याला पोचपावती म्हणत. तारायंत्र आले आणि जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातील तारेची सेवा बंदही झाली. साधने बदलत गेली; पोचपावतीची गरज मात्र तेवढीच राहिली.

आता मोबाइलचा निरोप कसा जातो, ते पाहू. मोबाइल म्हणजे मुळात एक लहानसे रेडिओयंत्र आहे. त्यातून निघणाऱ्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्या जवळच्या मनोऱ्यापर्यंत जातात. शहराचे असे अनेक लहान भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागासाठी एक मनोरा असतो. तुम्ही रेसिडेन्सी रोडवरून कामठी रोडकडे निघालात, तर वाटेत एक मनोरा तुमच्या मोबाइलला हळूच दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. मनोऱ्यापासून पुढे मात्र निरोप बहुधा जमिनीखालून धावतो. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंतून तो प्रकाशाच्या रूपाने जातो. या तंतूंत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर असतो. नागपूर ते मुंबई हे रस्त्याचे अंतर सुमारे ८०० किलोमीटर. म्हणजे तेवढी मजल मारण्यास प्रकाशाला सेकंदाचा हजारावा भाग चार वेळा मोजावा, इतकाच अवधी लागतो. जासुदाला हे सांगितले असते, तर त्याने हसून सोडून दिले असते!

येथे कोणीही विचारील, की हातभर अंतरावर असलेल्या दोन मोबाइलांनी एवढा दूरचा वळसा का घ्यावा? एकाने दुसऱ्याला थेट का सांगू नये?

याचे पहिले कारण पत्ता. घराला कायमचा पत्ता असतो. मोबाइल सतत फिरत असतो. जाळ्यातील त्याचा पत्ता आज एक तर उद्या दुसरा असतो. शिवाय पुष्कळ मोबाइल बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता वाटून घेतात. मोठ्या वाड्यातील बिऱ्हाडांची पत्रे एकाच दारावर यावीत, तसे. बाहेरच्या माणसाला आतील नेमके बिऱ्हाड सापडत नाही. दुसरे कारण असे, की मोबाइल नेहमी जागा असेलच असे नाही. कधी त्याची बॅटरी संपते, तर कधी मालक त्याला बंद करून ठेवतो. तेव्हा ज्याचा पत्ता बदलत नाही आणि जो कधी झोपत नाही, असा एक मध्यस्थ लागतो. तो मध्यस्थ म्हणजे सर्व्हर, अर्थात दूर कोठेतरी अहोरात्र चालू असलेला मोठा संगणक. तुम्ही मित्राला अ‍ॅपवरून चार शब्द पाठविता, तेव्हा तेही बहुधा आधी सर्व्हरकडेच जातात. मित्राचा मोबाइल जागा होईपर्यंत तो ते जपून ठेवतो. आणि पैशाच्या बाबतीत तर तिसरे कारण सर्वांत मोठे आहे. पैसे मोबाइलमध्ये नसतातच. ते बँकेच्या हिशेबात असतात. तरुणाचा मोबाइल मावशींना पैसे देत नाही. तो केवळ बँकेला विनंती करतो.

ज्या व्यवस्थेतून ही विनंती जाते, तिचे नाव युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस. लोक तिला यूपीआय या आद्याक्षरांनीच ओळखतात. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने उभारली. ही संस्था २००८ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्य कार्यालय मुंबईस आहे. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईतच रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयचा आरंभ झाला. पुठ्ठ्यावरील तो काळापांढरा चौकोन मात्र जपानचा. १९९४ साली मासाहिरो हारा या अभियंत्याने तो मोटारींचे सुटे भाग ओळखता यावेत म्हणून तयार केला होता. त्या चौकोनात पैसे नसतात, की काही जादूही नसते. पाकिटावर पत्ता लिहावा, तसा मावशींचा यूपीआयमधील पत्ता त्यात लिहिलेला असतो, एवढेच. तो बोटांनी लिहिण्याचा त्रास वाचावा, म्हणून मोबाइलचा डोळा तो वाचून घेतो.

तरुणाने गुप्त अंक दाबताच त्याच्या अ‍ॅपने एक निरोप तयार केला. कोणाकडून, कोणाला, किती रुपये आणि या निरोपाचा क्रमांक कोणता, हे त्यात होते. क्रमांकाची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे मोठे काम आहे. वाटेत कोणी वाचू नये म्हणून हा मजकूर गुप्तलिपीत बदलला गेला. त्यानंतर त्याचे तुकडे करण्याची पाळी आली.

जाळ्यातून लांबलचक मजकूर अखंड पाठवीत नाहीत. त्याची लहान लहान पुडकी करतात. जुन्या पोथ्या शिवलेल्या नसत. त्यांची पाने सुटी असत आणि प्रत्येक पानावर अंक घातलेला असे. वाऱ्याने पाने उडाली, तरी अंक पाहून पोथी पुन्हा लावता येई. पुडक्यांचे तसेच आहे. ती वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात, मागची पुढे होतात, एखादे हरवतेही. घेणारा संगणक अंक पाहून ती लावून घेतो आणि 'अमुक अंकापर्यंतची सर्व पावली' असे उलट कळवितो. तसे उत्तर वेळेत आले नाही, तर पाठविणारा ती पुडकी पुन्हा पाठवितो. ही रीत व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडली. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने ती अंगीकारली. आजचे इंटरनेट मुख्यतः तिच्याच बळावर चालते.

मग प्रश्न सुटला म्हणायचा की काय? नाही. पुडकी पोचली ही पावती म्हणजे निरोप दारात पोचल्याची पावती. घरातल्या माणसाने तो वाचून काम केले की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. कधी काम चालू असतानाच जाळे तुटते. मंगळवारी बाजारात त्या संध्याकाळी असेच काहीतरी झाले होते.

तरुणाच्या मोबाइलच्या बाजूने विचार करा. त्याने निरोप पाठविला आहे आणि उत्तर आलेले नाही. कदाचित निरोप वाटेतच हरवला असेल. कदाचित तो पोचला असेल आणि काम अजून चालू असेल. किंवा काम पुरे होऊन 'झाले' हे उत्तर परत येताना हरवले असेल. या तिन्ही स्थितींत मोबाइलला दिसते ते एकच: शांतता. त्याने निरोप पुन्हा पाठविला, तर ४० रुपयांचे ८० जाण्याची भीती. न पाठवावा, तर मावशींची भाजी फुकट गेली असे होण्याची भीती. आणि ज्यांच्या दिवसभराच्या कमाईत चाळीस चाळीस रुपयेच मोजले जातात, त्यांना ही भीती लहान नसते.

या कोड्याचे मूळ रूप १९७५ साली तीन संगणकशास्त्रज्ञांनी एका लेखात मांडले. पुढे ते दोन सेनापतींचे कोडे म्हणून प्रसिद्ध झाले. ते आपल्याकडच्या रीतीने असे सांगता येईल. दोन डोंगरांवर आपल्या दोन फौजा आहेत आणि मधल्या खोऱ्यात शत्रूची छावणी आहे. दोन्ही फौजांनी एकाच वेळी हल्ला केला, तरच जय. एकट्याने केला, तर नाश. पहिला सरदार जासूद धाडतो: "उद्या पहाटे हल्ला करू." जासुदाला शत्रूच्या छावणीतून जावे लागते; तो पकडला जाऊ शकतो. म्हणून दुसरा सरदार उलट निरोप देतो: "तुमचा निरोप पावला." पण हा निरोप पोचला की नाही, हे दुसऱ्याला कोठे माहीत? तेव्हा पहिल्याने कळवावे: "तुमची पावती पावली." मग या पावतीची पावती! असे किती हेलपाटे घातले, म्हणजे दोघांची पक्की खात्री होईल?

उत्तर असे आहे, की कितीही घातले तरी होणार नाही. क्षणभर धरून चाला, की दहा हेलपाटे पुरेसे आहेत. दहावा जासूद ज्याने पाठविला, त्याला तो पोचला की नाही हे कधीच कळणार नाही. कारण अकरावा नाहीच. तरीही त्याला हल्ला करायचाच आहे. म्हणजे दहावा जासूद हरवला असता, तरी त्याने हल्ला केलाच असता. दोघांनी एकदमच हल्ला करण्याचे ठरले असल्याने, त्या वेळी दुसऱ्यानेही दहाव्या निरोपावाचून हल्ला करावयास हवा. मग दहावा हेलपाटा निरुपयोगी ठरला. तो काढून टाका. आता नववा शेवटचा झाला. त्यालाही हेच लागू. आठव्यालाही. अशा रीतीने एकेक काढता काढता शेवटी एकही निरोप न पाठविता दोघांना वेळ कळली पाहिजे, असे निघते आणि ते तर उघडच अशक्य आहे. हा युक्तिवाद एकदा वाचून गळी उतरला नाही, तर कागदावर दोन डोंगर काढून पुन्हा वाचावा.

जेथे वाट बेभरवशाची, तेथे पूर्ण खात्री मिळणार नाही, हे शास्त्रज्ञांनी मान्य केले. मग त्यांनी प्रश्नच थोडा फिरवला. निरोप एकदाच पोचेल अशी हमी देता येत नसेल, तर तो दोनदा पोचला तरी नुकसान होऊ नये, अशी सोय करता येईल काय?

घरातले उदाहरण घ्या. आईने "दार लावून घे" असे दोनदा सांगितले, तरी दार एकदाच लागते. दुसऱ्या वेळी लावलेले दार पाहून तुम्ही म्हणता, "लावलंय!" परंतु पानावर बसलेल्याने "एक पोळी वाढा" असे दोनदा म्हटले, तर पानात दोन पोळ्या पडतात. पहिल्या तऱ्हेचा निरोप कितीही वेळा दिला तरी चालतो. दुसऱ्या तऱ्हेचा चालत नाही. '४० रुपये द्या' हा निरोप दुर्दैवाने पोळीच्या जातीचा आहे. त्याला दाराच्या जातीत आणण्याची युक्ती म्हणजे मघाचा तो क्रमांक.

अ‍ॅपने निरोप पाठविण्यापूर्वीच त्याला एक क्रमांक दिलेला असतो आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणत्याही व्यवहाराला मिळत नाही. सर्व्हर हिशेबनीसासारखा चोपडी घेऊन बसलेला असतो. निरोप आला, की तो आधी चोपडीत क्रमांक शोधतो. क्रमांक नसेल, तर नोंद करून काम करतो. क्रमांक आधीच लिहिलेला असेल, तर पैशाला हात न लावता पूर्वीचेच उत्तर पुन्हा वाचून दाखवितो. आता निरोप दोनदा येवो की पाच वेळा, पैसे एकदाच जातात. 'द्या' या शब्दाचा अर्थ बदलून तो 'या क्रमांकाचे पैसे दिले नसतील तर द्या' असा झाला. व्यवहार पुरा झाल्यावर पडद्यावर एक बारा आकडी क्रमांक दिसतो. पुढे तक्रार करण्याची वेळ आली, तर तोच उपयोगी पडतो. एवढी साधी गोष्ट आहे. परंतु नवशिके अ‍ॅपकार हीच विसरतात. कारण अ‍ॅप लिहिताना त्यांच्या टेबलावरचे जाळे उत्तम चालत असते. अनुभवी लोक मुद्दाम जाळे तोडून पाहतात. निरोप अर्ध्या वाटेत असताना मोबाइल बंद करतात आणि अ‍ॅप कसे वागते, याची परीक्षा घेतात.

मात्र पुन्हा विचारण्यालाही मर्यादा हवी. हा धडा हवाई बेटांवरून आला. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली बेटांबेटांतील संगणक रेडिओलहरींनी जोडले. त्या जाळ्याला त्यांनी अलोहा असे नाव दिले. हवाईच्या भाषेत हा स्वागताचा शब्द आहे. सर्व संगणक एकाच लहरीवर बोलत. दोघे एकदम बोलले, की दोघांचेही बोलणे बिघडे आणि पावती येत नसे. दोघांनीही तेवढ्याच वेळाने पुन्हा प्रयत्न केला असता, तर पुन्हा टक्कर झाली असती. अरुंद दारात समोरासमोर आलेली दोन माणसे एकदम बाजूला होतात आणि एकदमच पुढे येतात, तसे! म्हणून प्रत्येकाने वाटेल तितका, न ठरविलेला वेळ थांबावे आणि मग बोलावे, असा नियम केला. मोबाइल प्रथम मनोऱ्याला हाक मारतो, तेव्हा आजही याच कल्पनेचा उपयोग होतो. चांगली अ‍ॅपेही उत्तर न आल्यास आधी एक क्षण, मग दोन, मग चार असे थांबत थांबत विचारतात.

हा नियम सोडला म्हणजे काय होते, ते साऱ्या देशाने पाहिले. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआयचे व्यवहार काही तास विस्कळीत झाले. चौकशीत असे आढळले, की काही बँकांच्या यंत्रणा 'त्या व्यवहाराचे काय झाले?' असे विचारणारे निरोप बेसुमार पाठवीत होत्या. जुन्या व्यवहारांबद्दलही ही विचारणा वारंवार होत होती. पावती मागणाऱ्यांचीच इतकी गर्दी झाली, की पावती देणाराच त्यांत अडकून पडला. त्यानंतर अशी विचारणा किती वेळाने आणि किती वेळा करावी, यावर बंधने घालण्यात आली.

आता त्या ४० रुपयांचा माग काढू. तरुणाचा निरोप मध्यवर्ती यंत्रणेकडे गेला. तिने मावशींच्या पत्त्यावरून त्यांची बँक कोणती ते शोधले. मग तरुणाच्या बँकेला ४० रुपये वजा करण्यास सांगितले. ते झाले, त्या बँकेने तरुणाला तसा संदेशही धाडला. नंतर मावशींच्या बँकेला ४० रुपये जमा करण्यास सांगितले. येथे त्या बँकेच्या संगणकाला वेळ लागला. प्रकाशाचा वेग कितीही असला, तरी वाटेतल्या एखाद्या कचेरीत रांग लागली, म्हणजे निरोपाला थांबावेच लागते. तरुणाच्या बाजूने पैसे गेलेले आणि मावशींच्या बाजूने आलेले नाहीत, असा तो मधला क्षण होता. अशा वेळी जमा होणे जमलेच नाही, तर वजा केलेली रक्कम परत फिरवितात. याचा कालावधी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ठरवून दिला आहे. एका व्यक्तीने दुसरीला पाठविलेली रक्कम जमा झाली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे. दुकानदाराला दिलेल्या रकमेसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्याहून उशीर झाल्यास बँकेने ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावयाची असते.

त्या दिवशी तशी वेळ आली नाही. थोड्याच क्षणांत डबी बोलली आणि सांभाराची जुडी पिशवीत गेली.

त्या बोलक्या डबीविषयी थोडे सांगितले पाहिजे. तिच्यात स्वतःचे सिमकार्ड असते. तरुणाच्या मोबाइलशी तिचा काहीही संबंध नसतो; तिला निरोप येतो तो सर्व्हरकडून. म्हणूनच मावशी तरुणाच्या पडद्याकडे न पाहता डबीच्या आवाजाची वाट पाहत होत्या. पडद्यावर 'पैसे गेले' असे खोटे चित्रही दाखविता येते. पण मध्यस्थाकडून आपल्या वाटेने आलेली पावती गिऱ्हाइकाला बनविता येत नाही. हात ओले, समोर गर्दी, डोळे तराजूवर, अशा वेळी कानांनी मिळणारी पावती केवढी सोयीची! यातच दुसरी गोष्ट ओघाने येते. पैसे देणाऱ्यालाच गुप्त अंक दाबावा लागतो. घेणाऱ्याला तो कधीच लागत नाही. "पैसे पाठवितो, तुमचा अंक दाबा" असे कोणी म्हणाले, तर तो पैसे देत नसून घेत आहे, असे समजावे.

दोन मोबाइल मध्यस्थावाचून बोलूच शकत नाहीत, असे मात्र नाही. १९९४ साली स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन या अभियंत्याने जवळच्या यंत्रांना तारेवाचून जोडण्याच्या कामास प्रारंभ केला. त्यातून ब्लूटूथ निर्माण झाले. दहाव्या शतकातील हॅरल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाचे ते नाव. मूळच्या ब्लूटूथमध्ये दोन यंत्रे एका लहरीवर न थांबता ७९ लहरींवरून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारीत बोलतात. त्यामुळे शेजारच्यांशी होणारी टक्कर पुष्कळशी टळते. २ एप्रिल २०२० रोजी, करोनाच्या साथीत, भारत सरकारने आरोग्य सेतू हे अ‍ॅप आणले, तेव्हा त्यात याच साधनाचा उपयोग केला होता. दोन माणसे जवळ आली, की त्यांचे मोबाइल एकमेकांची खूण टिपून ठेवीत.

पैशासाठीही असा मार्ग निघाला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये यूपीआय लाइट एक्स ही सोय जाहीर झाली. तिच्यात दोन्ही मोबाइलांना जाळे नसले, तरी ते एकमेकांजवळ धरून रक्कम देता येते. त्यासाठी दोघांतही जवळच्या लहरींचे ते विशिष्ट साधन असावे लागते. येथे निरोपाला वळसा नाही आणि मनोऱ्याची वाट पाहणेही नाही. पण मग चोपडी घेऊन बसलेला हिशेबनीसही नाही! हाच रुपया थोड्या वेळाने दुसऱ्या कोणाला दिला जात नाही ना, हे त्या क्षणी कोण पाहणार? म्हणून मालकाने आधी बाजूला काढून मोबाइलमध्ये ठेवलेल्या रकमेतूनच असे पैसे देता येतात, आणि तेही लहान रकमेचे. पुढे जाळे लाभले, की झालेल्या व्यवहाराची नोंद वर मध्यस्थाच्या चोपडीत पोचते.